कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायची आहे? आधी डोळ्यांची तपासणी आणि लेन्सचे माप

लग्नसराई जवळ आली की जठारपेठेतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, चष्म्याचा नंबर तर माहीत आहे, तोच सांगून लेन्स मागवू का?" उत्तर आहे, नाही. चष्मा डोळ्यापासून थोडा दूर असतो, लेन्स मात्र थेट बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर बसते. त्यामुळे नंबरासोबत मापही लागते. हे काम नेत्रतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित ऑप्टोमेट्रिस्ट करतात.

तपासणीत काय होते?

- नंबर: साधारण ४ च्या पुढच्या नंबरात चष्मा आणि लेन्स यांत फरक पडतो. चष्म्याचा उणे ६ असेल, तर लेन्सचा उणे ५.५० च्या आसपास येतो.
- कॉर्नियाचा बाक: तो यंत्राने मोजतात. लेन्स घट्ट बसली तर डोळ्याला प्राणवायू कमी पडतो, सैल बसली तर ती सरकते आणि टोचते.
- अश्रूंची तपासणी: डोळा कोरडा असेल तर लेन्स सोसत नाही. आपल्याकडचा मे महिन्यातला ४५ अंशांचा उन्हाळा, कूलरचा झोत आणि दुचाकीवर लागणारी गरम हवा यांनी कोरडेपणा आणखी वाढतो.
- स्लिट लॅम्प: या सूक्ष्मदर्शक यंत्राने पापण्यांची आतली बाजू, ॲलर्जी, जखम, सूज पाहतात.

यानंतर ट्रायल लेन्स घालून १५-२० मिनिटे बसवतात. पापणी मिटताना लेन्स किंचित हलते का, हे पाहूनच माप ठरते. शेवटी लेन्स घालणे-काढणे तुमच्याकडून करून घेतात. ती स्वतःच्या हाताने काढता येईपर्यंत घरी नेऊ नका.

मुलगा किंवा मुलगी सतत डोळे चोळत असेल आणि सिलिंडरचा नंबर दरवर्षी वाढत असेल, तर केराटोकोनस आहे का हे विचारा. त्यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्याला बहुधा साधी मऊ लेन्स पुरत नाही, वेगळी लेन्स लागते.

डॉक्टरांना हे नक्की सांगा

मधुमेह, थायरॉइड किंवा संधिवात असेल तर सांगा. सर्दी-ॲलर्जीच्या आणि मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे होतात, त्याही सांगा.

घरी पाळायचे नियम

१. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करूनच लेन्सला स्पर्श करा.
२. लेन्सला पाणी लावू नका. खारपाणपट्ट्यातले खारे पाणी नको, तसे आरओचे किंवा उकळून गार केलेलेही नको. पिण्याचे पाणी निर्जंतुक नसते. पाण्यातल्या अकँथामीबा या सूक्ष्मजीवाने कॉर्नियाला झालेला संसर्ग बरा व्हायला अनेक महिने लागू शकतात. लेन्ससाठी फक्त सोल्यूशन वापरा, तेही रोज नवे.
३. आंघोळ, पोहणे, धुळवड आणि झोप यांआधी लेन्स काढा. लेन्स घालून झोपल्याने संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.
४. आधी लेन्स, मग काजळ आणि मेकअप. काढताना आधी लेन्स, मग मेकअप.
५. महिनाभराची लेन्स पाकीट उघडल्यापासून महिन्याने टाकून द्या, मधले काही दिवस घातली नसली तरी. डबी दर तीन महिन्यांनी बदला.
६. लग्नापुरत्या घ्यायच्या बिननंबरी रंगीत लेन्सलाही हेच सगळे लागू आहे. बहिणीची किंवा पार्लरमधली लेन्स घालू नका.

थांबू नका, त्याच दिवशी दाखवा

डोळा लाल होणे, दुखणे, धूसर दिसणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका: यांपैकी काहीही झाले तर लेन्स लगेच काढा, टाकू नका, डबीसह सोबत घ्या आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयातही नेत्ररोग विभाग आहे. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर लाली तात्पुरती उतरते, पण आतला संसर्ग पसरतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

लेन्स घेतली तरी चांगल्या नंबरचा चष्मा घरात ठेवाच. डोळा लाल असताना "आजचा दिवस लेन्सवर काढू" असे म्हणण्याची वेळ त्यामुळे येत नाही.