टोळी कुठं आहे?

२००३ च्या हिवाळ्यात आजी गेली. चुलता तेव्हा बेळगावकडं उसाच्या फडात होता. कुठल्या फडात, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आमच्या परळी तालुक्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. मधल्या काळात आज हा फड, आठ दिवसांनी दुसरा. निरोप मुकादमाच्या घरून कारखान्याच्या शेतकी ऑफिसात गेला, तिथून चिटबॉयकडं, मग ट्रॅक्टरवाल्याकडं. चुलता तिसऱ्या दिवशी पोचला. माती होऊन गेली होती.

इंजिनिअरिंगला नेटवर्क शिकताना हाच प्रश्न पुस्तकात भेटला. इंटरनेटवर आयपी पत्ता म्हणजे यंत्राची ओळखही आणि ठिकाणही. फोन वायफाय सोडून टॉवरवर गेला की पत्ता बदलतो आणि चालू बोलणं तुटू शकतं. १९९६ मध्ये 'मोबाइल आयपी' हे मानक आलं. त्याचं उत्तर अगदी गावाकडचं: कायमचा पत्ता घरचाच ठेवायचा आणि तिथं एक 'होम एजंट' बसवायचा. तुम्ही जिथं जाल तिथून त्याला कळवायचं, तो तुमची पाकिटं पुढं धाडणार. पण मग शेजारच्या फडातून आलेलं पाकीटसुद्धा आधी परळीला जाऊन बेळगावला येणार! आणि एजंटच बंद पडला तर सगळंच अडलं.

२००१ मध्ये 'कॉर्ड' नावाची रचना मांडली गेली. मांडणाऱ्यांत एमआयटीचे हरी बालकृष्णन होते. यात मुख्य वही कुणाकडंच नाही. प्रत्येक यंत्र मोजक्याच इतरांना ओळखतं आणि प्रश्न पुढं सरकवतं. दहा लाख यंत्रांत साधारण वीस टप्प्यांच्या आत उत्तर मिळतं. पुढच्याच वर्षी बर्कलीच्या संशोधकांनी 'आय-थ्री' मांडलं: निरोप ठिकाणाला नाही, ओळखीला पाठवायचा. फिरणाऱ्यानं फक्त 'सध्या मी इथं' एवढी नोंद या जाळ्यात बदलत राहायची. वाचताना मला चिटबॉयच आठवला. आमच्याकडं हे जाळं माणसांचं होतं, आणि बरंच हळू.

मग आज आपले फोन असे का चालत नाहीत? कारण फोन हा वाईट चिटबॉय आहे. बॅटरी संपते, रेंज जाते, आणि इतरांचे निरोप वाहणाराच गायब झाला की जाळं पुन्हा विणावं लागतं. आजी गेली त्याच वर्षी आलेलं स्काइप वापरणाऱ्यांच्याच संगणकांवर उभं होतं. डिसेंबर २०१० मध्ये त्यातले मधले दुवे मोठ्या संख्येनं कोसळले आणि सेवा जवळपास दिवसभर बंद पडली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते दुवे स्वतःच्या सर्व्हरांवर नेले. माझ्या मते निर्णय व्यवहाराचा होता, पण वही पुन्हा एकाच घरात गेली.

चुलता अजून तोडीला जातो. आता त्याच्याकडं स्मार्टफोन आहे, टोळीचा व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. फडात चार्जिंगची सोय नसते. त्याचा फोन बंद लागला की आई ट्रॅक्टरवाल्याला लावते.