टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही?

घरातील दिवा अचानक गेला, की खणातून सर्वप्रथम बाहेर येतो तो टेस्टर. पारदर्शक दांड्याचा, पोटात इवलासा निऑन दिवा असलेला हा स्क्रूड्रायव्हर बहुतेक घरांत असतो आणि त्याच्यावरचा विश्वासही अपार असतो. दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही, असे हे साधे समीकरण. त्यातील पहिला भाग बहुतांशी खरा आहे. दुसरा मात्र जिवावर बेतू शकतो.

टेस्टर चालतो तो वापरणाऱ्याच्या शरीरामुळे. पाते फेजला आणि बोट मागच्या धातूच्या टोपीला टेकले, की सुमारे दहा लाख ओहमचा रोधक, निऑन दिवा आणि माणूस अशा मार्गाने अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. रोधकामुळे हा प्रवाह एका मिलिअँपिअरच्याही बराच खाली राहतो, म्हणून धक्का जाणवत नाही. याचाच अर्थ असा, की वापरणारा कोरड्या लाकडी स्टुलावर किंवा जाड रबरी चप्पल घालून उभा असेल, तर दिवा मंद लागतो किंवा लागतच नाही. भर उन्हात गच्चीवर तपासणी करताना तर लागलेला दिवाही दिसत नाही. शिवाय टेस्टरनेच स्क्रू पिळण्याची सवय सर्वत्र आहे. त्यात दांडा तडकतो, आत ओल शिरते आणि रोधकाला वळसा घालून प्रवाह थेट हातात येण्याचा धोका निर्माण होतो. तडकलेला टेस्टर फेकून द्यावा. नवा काही महाग नसतो.

‘दोन्हीकडे फेज येतोय’

वायरमनना वारंवार ऐकावी लागणारी ही तक्रार. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो, पण उपकरण मात्र चालत नाही. बहुतेक वेळा याचे कारण तुटलेला न्यूट्रल हे असते. चालू स्थितीत ठेवलेल्या एखाद्या उपकरणातून फेज पलीकडे जातो आणि परतीची वाट नसल्याने न्यूट्रलच्या तारेवरच येऊन थांबतो. अशा वेळी काळी तार ‘न्यूट्रलच आहे’ म्हणून हाताळणे घातक ठरते. थ्री-फेज जोडणीच्या इमारतीत मुख्य न्यूट्रल तुटला, तर काही घरांत दाब २३० व्होल्टच्या खूप वर जाऊन उपकरणे जळतात. निऑन दिव्याला मात्र १५० आणि ३५० व्होल्टमधील फरक सांगता येत नाही.

तो सांगतो मल्टिमीटर. एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या पट्टीवर तो ठेवून तीन मोजण्या घ्याव्यात. आपल्याकडील तीन भोकांच्या सॉकेटमध्ये समोरून पाहता वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थिंग जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल ते अर्थिंग शून्य ते काही व्होल्ट असे आकडे आले पाहिजेत. एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे एका धाग्याने लोंबकळणारी अर्थिंगची तारसुद्धा त्याला २३० दाखवते. ती प्रत्यक्ष गळतीचा प्रवाह वाहून नेईल की नाही, हे परवानाधारक वायरमनने लूप टेस्टरने पाहायचे असते. त्याचप्रमाणे आरसीसीबीवरील ‘टी’ बटण दाबल्यावर खटका पडला, म्हणून घराचे अर्थिंग चांगले आहे असे सिद्ध होत नाही. ते बटण फक्त त्या उपकरणाची परीक्षा घेते.

मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पिवळ्या रंगाचा स्वस्त मीटर सहज मिळतो. बॅटरी, सेल, फ्यूज तपासण्यास तो पुरेसा आहे. मीटरबोर्ड वा वितरण पेटीजवळ मात्र त्याचा वापर नको. वितरण पेटीसाठी ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’ अशी खूण असलेला, आत योग्य फ्यूज असलेला मीटरच हवा. लाल तार दहा अँपिअरच्या भोकात विसरून ती सॉकेटमध्ये घातली, तर मीटर हातातच शॉर्टसर्किट घडवितो. कित्येक स्वस्त मीटरच्या या भोकाला फ्यूजच नसतो.

तारेला स्पर्श न करता पीं-पीं करणारा पेनसारखा टेस्टर अलीकडे लोकप्रिय झाला आहे. तो सोयीचा खरा, पण लोखंडी पाइपातील तार त्याला कळत नाही आणि शेजारच्या जिवंत तारेमुळे मृत तारही जिवंत भासते. भिंतीतील वायरिंगचा अंदाज घेण्यापुरता तो ठीक.

साधन कोणतेही असो, जाणकार तीन पायऱ्यांनी काम करतात. आधी नक्की चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर लावून पाहायचा, मग बंद केलेली तार तपासायची, आणि पुन्हा त्याच चालू सॉकेटवर परतायचे. मधल्या काळात टेस्टरच बिघडला असेल, तर शेवटच्या पायरीत ते उघड होते. भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी आलेल्या इन्व्हर्टरमुळे ही शिस्त अधिकच आवश्यक झाली आहे. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरच्या जोडणीवरील पंखे-दिवे जिवंत राहतात आणि त्यांच्या तारा त्याच बोर्डातून गेलेल्या असतात. म्हणून इन्व्हर्टर स्वतंत्रपणे बंद करावा.

जुन्या इमारतींच्या ओल्या भिंतींतील वायरिंगचे खरे आरोग्य यांपैकी कोणतेच साधन सांगत नाही. त्यासाठी मेगर लागतो. वीज पूर्ण बंद करून तो ५०० व्होल्टचा डीसी दाब देतो आणि तारेवरील आवरण किती रोध करते ते मोजतो. आकडा एक मेगओहमच्या खाली असेल, तर ते सर्किट तसेच वापरू नये. तपासणीपूर्वी टीव्ही, संगणक, एलईडी दिवे सोडवून ठेवावे लागतात, अन्यथा ते निकामी होऊ शकतात. गृहनिर्माण संस्थांनी पावसाळ्याआधी ही तपासणी करून घ्यावी आणि वायरमनकडून प्रत्येक सर्किटचा आकडा लेखी मागावा. ‘सगळे ओके आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर बिल चुकते करू नये.