गोंदोड्याची तपोभूमी आणि ग्रामगीता

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्यात गोंदोडा ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तपोभूमी आहे. महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. माणिक हे त्यांचे मूळ नाव. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू आणि ‘तुकड्या’ हे नावही गुरूंनीच दिलेले. शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांपुढे गेले नाही. लहान वयातच घर सोडून रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि गोंदोडा येथील जंगलांत त्यांनी ध्यानसाधना केली. आत्मबोधासाठी एकांत शोधणाऱ्या साधकांची परंपरा जुनी आहे. तुकडोजी महाराज मात्र रानात राहिले नाहीत. साधनेत जे गवसले ते गावात वापरून पाहण्याचा मार्ग त्यांनी धरला.

या मार्गाचे पहिले साधन खंजिरी. एका हातात खंजिरी धरून, दुसऱ्या हाताने तिच्यावर थाप देत ते मराठी आणि हिंदी भजने गात. भजनासाठी जमलेल्या लोकांशीच ते दारूबंदी, अस्पृश्यता, गावसफाई आणि देवाच्या नावाने होणारी पशुहत्या यांविषयी बोलत. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून सामुदायिक ध्यान आणि सामुदायिक प्रार्थना गावोगावी रूढ झाली. सकाळी ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, आणि दोन्ही वेळी जातपात न पाहता सर्वांनी ओळीने बसायचे, असा हा क्रम होता. एकट्या साधकाची उपासना अशा रीतीने गावाची झाली.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरमध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव झाला. महाराजांच्या भजनांचा या भागातील लोकांवर मोठा प्रभाव होता. त्याच महिन्यात चंद्रपूर येथे त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत काही महिने काढून ते वर्षअखेर सुटले. स्वातंत्र्यानंतर ग्रामोन्नती हाच त्यांच्या कार्याचा मुख्य विषय राहिला. त्यातूनच ‘ग्रामगीता’ हा ग्रंथ आकाराला आला.

ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. ओवी हा ज्ञानेश्वरीचाही छंद, पण भाषा शेतकऱ्याला ऐकताच कळावी अशी सोपी. पहिला अध्याय देवदर्शनाचा आहे. पुढे आचरण, संघटन, ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, आरोग्य, श्रम, जीवनशिक्षण आणि महिलोन्नती हे विषय येतात. अध्यात्माच्या ग्रंथात सांडपाणी, उकिरडा आणि उघडे खड्डे यांना जागा मिळते, याचे कारण ग्रंथाच्या भूमिकेत आहे. देव सर्वांत भरलेला आहे, हे वेदान्ताचे सूत्र महाराजांना मान्य होते. ते खरे मानायचे तर शेजाऱ्याची सेवा हीच पूजा ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

धर्मग्रंथांविषयीची त्यांची शिकवणही याच धाग्याने जाते. नुसते पारायण करून पुण्य मिळत नाही. वाचलेले आचरणात उतरले पाहिजे, हा तिचा गाभा आहे. जुन्या ग्रंथांचा ते आदर करत, पण रूढी काळाच्या कसोटीवर घासून घ्यावी, असेही सांगत. नशिबावर हवाला ठेवून हातपाय न हलवणाऱ्या वृत्तीवर त्यांची टीका होती.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे महाराजांचे निधन झाले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले.