जहाजाच्या यादीतील पूर्वज

तांबरमहून निघालेली लोकल गाडी एगमोर, पार्क आणि फोर्ट ही स्थानके मागे टाकून बीच स्थानकात येते. रस्त्यापलीकडे चेन्नईचे बंदर आहे. या मार्गावर विजेची गाडी १९३१ साली धावू लागली. परंतु त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दक्षिणेकडील जिल्ह्यांना मद्रासशी जोडणारा लोहमार्ग तांबरमवरूनच गेला होता, आणि तंजावर, तिरुचिरापल्ली, दक्षिण अर्काट या भागांतून समुद्रापार निघालेल्या करारबद्ध मजुरांना बंदराशी आणून सोडणारी ती एक मुख्य वाट ठरली होती. लोहमार्ग येण्यापूर्वी हीच माणसे पायी येत. १२ ऑक्टोबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ हे जहाज मद्रासहून नाताळ वसाहतीकडे निघाले, तेव्हा येथे धक्काबंद बंदरही नव्हते. मसुला नावाच्या, काथ्याने शिवलेल्या नावांतून लाटा फोडत उतारूंना जहाजापर्यंत न्यावे लागे. १६ नोव्हेंबरला ‘ट्रूरो’ डरबनला पोहोचले. तेव्हापासून १९११ पर्यंत ३८४ जलसफरींतून १,५२,१८४ माणसे नाताळात उतरली. त्यांतील दोनतृतीयांशांच्या आसपास मद्रासहून गेलेली होती.

हे आकडे आज एवढ्या निश्चितपणे सांगता येतात, याचे कारण जहाजांच्या याद्या. प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई आणि त्या क्रमांकापुढे नाव, बापाचे नाव, वय, लिंग, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खुणा असे रकाने भरले जात. सुरेंद्र भाना यांनी नाताळच्या याद्यांच्या आधारे १९९१ साली तेथील गिरमिटियांचा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याआधी, १९८३ साली, ब्रिज लाल यांनी कलकत्त्याहून फिजीला गेलेल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक माणसांच्या परवान्यांची छाननी केली होती. ते स्वतः गिरमिटियाचे नातू. या दोन ग्रंथांनी एक गोष्ट सिद्ध केली, असे म्हणावयास हरकत नाही : ज्यांना इतिहासाने केवळ ‘कुली’ या एका शब्दात गुंडाळले होते, ती माणसे एकेकटी, नावानिशी आणि गावानिशी ओळखता येतात.

पूर्वजांचा शोध जहाजाच्या यादीतून घेण्याची ही रीत युरोपात पूर्वीच रुजली होती. एकोणिसाव्या शतकात लक्षावधी जर्मन माणसे अमेरिकेस गेली. हांबुर्ग बंदराच्या १८५० ते १९३४ या काळातील याद्या बव्हंशी शिल्लक आहेत. ब्रेमेनच्या मात्र काही जागेअभावी रद्दीत गेल्या आणि राहिलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात जळाल्या. आपला पणजोबा हांबुर्गहून निघाला की ब्रेमेनहून, एवढ्या एका योगायोगावर आजच्या जर्मन-अमेरिकन कुटुंबाचे मूळ गाव सापडणे किंवा न सापडणे अवलंबून राहते. शिवाय हांबुर्गच्या यादीत लिहिले आहे ते शेवटचे वास्तव्याचे ठिकाण. जन्मगाव ते असेलच असे नाही. अमेरिकेत उतरताना अधिकाऱ्यांनी आडनावे बदलली, ही तिकडची आवडती दंतकथाही याद्यांनी खोटी ठरवली आहे. यादी उतरण्याच्या बंदरात नव्हे, तर निघण्याच्या बंदरात तयार होत असे. बदल जो झाला तो पुढे, नव्या देशात राहता राहता, बहुधा माणसांनी स्वतःच केलेला.

जर्मन स्थलांतरिताच्या मागे यादीखेरीज दुसरेही कागद होते. गावच्या चर्चमधील जन्म-विवाहाच्या वह्या होत्या. आणि तो घरी पत्रे लिहीत होता. पूर्व किनाऱ्यावरचेच उदाहरण घ्यावयाचे, तर सरफोजी राजांचे पालक आणि शिक्षक म्हणून तंजावरच्या मराठी इतिहासात ज्यांना स्थान आहे, ते ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीस उतरले. त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पत्रे जर्मनीतील हाले येथे छापली जात. १७९८ साली ते निवर्तल्यावर सरफोजींनी त्यांचे संगमरवरी स्मारक करविले. श्वार्ट्झ यांचा शोध घेणाऱ्याला जहाजाच्या यादीची गरजच पडत नाही. याच किनाऱ्यावरून शंभर वर्षांनी निघालेल्या मजुराचे मात्र पत्र नाही, चित्र नाही, शिलालेख नाही. आहे ती उंची आणि डाव्या किंवा उजव्या अंगावरचा व्रण. कोणाच्या मागे कसला कागद राहतो, यावरून त्या माणसाला त्याच्या काळाने काय मानले होते हे कळते.

मराठी माणसाच्या दृष्टीने या प्रश्नाचे केंद्र मद्रास नसून मुंबई आहे, आणि पलीकडचा किनारा मॉरिशसचा आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुईस येथे उतरले. तेव्हापासून १९१०पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बेटावर गेले. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईचा वाटा लहान. परंतु त्या लहान वाट्यात रत्नागिरी आणि सावंतवाडी भागांतील माणसे होती, आणि त्यांच्या वंशजांनी आजही मराठी भाषक समाज म्हणून तेथे आपले वेगळेपण राखले आहे. त्यांची देवळे आहेत, भजने आहेत, कोकणातून गेलेली जाखडी आहे. गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. पोर्ट लुईसचा ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, तो आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखला जातो. युनेस्कोने २००६ साली त्याला जागतिक वारशात स्थान दिले. याद्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या साठीनंतर मजुरांची छायाचित्रेही घेतली जाऊ लागली. तीही तेथे आहेत.

तेथे येणारा वंशज उलट्या वाटेने चालतो. स्वतःचा जन्मदाखला, बापाचा, आज्याचा, मग आज्याच्या लग्नाची नोंद, असे करीत तो एका क्रमांकापाशी येऊन पोहोचतो. क्रमांक हाती लागला की नोंदवहीचे पान उघडते आणि जहाजाचे नाव, उतरल्याची तारीख, ज्या मळ्यात पाठवले त्याचे नाव समोर येते. येथवर काम सरकारी वह्यांचे असते. यापुढे ते मराठी भाषेचे होते, आणि अडचणींना सुरुवातही येथेच होते.

पहिली अडचण नावाची. एकोणिसाव्या शतकातील मोडी कागदांत शेतकऱ्याचे नाव ‘अमुक बिन तमुक’ असे येते, आणि पुढे आडनाव. यादीत ‘नाव’ आणि ‘बापाचे नाव’ असे दोनच रकाने होते. आडनावाला जागाच नव्हती. मॉरिशसमध्ये नागरी नोंदींची पद्धत फ्रेंच वळणाची. तिला पिढ्यान्‌पिढ्या चालणारे कुलनाम हवे असे. तेव्हा जो सखाराम किंवा जो बाबाजी जहाजातून उतरला, त्याचे स्वतःचे नाव किंवा त्याच्या बापाचे नाव हेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. कोकणातल्या घराला आडनावावरून माणूस ओळखण्याची सवय. बेटावरच्या घराकडे आडनावच उरलेले नाही. दोन्ही घरे एकमेकांना हाक मारतात, पण वेगवेगळ्या नावांनी. त्यात नाव सांगणारा कोकणी उच्चारात सांगतो, कारकून ते आपल्या कानाने ऐकतो आणि इंग्रजी अक्षरांत बसवतो, आणि पुढे फ्रेंच वळणाचा दुसरा कारकून त्याची नक्कल करतो. अशा तीन चाळण्यांतून गेलेले नाव मूळ रूपात ओळखायचे, तर पुराभिलेखज्ञापेक्षा बोलीचा जाणकार अधिक उपयोगी पडेल.

दुसरी अडचण गावाची. नांदगाव हे नाव एकट्या महाराष्ट्रात किती ठिकाणी आहे! जिल्ह्याचा रकाना मदतीला येतो, पण तोही जपून वाचावा लागतो. यादीतला ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे आजचा रत्नागिरी जिल्हा नव्हे. त्यातला दक्षिणेकडील मोठा भाग १ मे १९८१ पासून सिंधुदुर्गात आहे. सावंतवाडी तर त्या काळी निराळे संस्थान होते आणि ते स्वातंत्र्यानंतर विलीन झाले. शिवाय पोटासाठी आधी मुंबईस आलेल्या कोकण्याने नोंदणीच्या वेळी मुंबईचेच नाव सांगितले असेल, तर हांबुर्गच्या यादीत जो घोटाळा आहे तोच येथेही होतो : शेवटचा मुक्काम म्हणजे मूळ गाव, असा समज.

तिसरा रकाना जातीचा, आणि तो सर्वांत नाजूक. घरात चालत आलेली जात एक आणि पानावर लिहिलेली दुसरी, असे दिसले म्हणजे वंशज हादरतो. कोणती खरी? मजुराने भरतीत नकार मिळू नये म्हणून काही वेगळे सांगितले असेल. कारकुनाने अनेक जातींना एकच ठोकळ नाव दिले असेल. किंवा जहाजावरच्या सहवासात आणि मळ्यावरच्या झोपड्यांत जुने नाते सोडून त्या माणसाने नवे जोडले असेल. यांपैकी काय घडले, हे एका रकान्यावरून ठरत नाही. ज्याला आपल्या कुळाचे श्रेष्ठत्व सिद्ध करायचे आहे त्याने यादीकडे जाऊ नये, हे बरे. यादी त्याला बहुधा निराश करील, आणि निराश करण्यात तिचे काही चुकणार नाही.

स्त्रियांच्या नोंदींविषयी वेगळे बोलले पाहिजे. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया असाव्यात, असा दंडक नाताळच्या भरतीला लागू होता. तो पुरा करण्यासाठी स्त्रियांची मागणी असे. ब्रिज लाल यांनी तपासलेल्या परवान्यांत प्रौढ स्त्रियांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश नवऱ्यावाचून निघालेल्या आढळतात. विधवा, टाकलेल्या, पळून आलेल्या, किंवा केवळ आपल्या जिवाच्या हिमतीवर निघालेल्या. आपल्याकडची वंशावळ पुरुषांकडून पुरुषांकडे जाते. लेकीसुना तिच्यात असल्या तरी काठावर असतात. जहाजाच्या यादीत मात्र स्त्रीला स्वतःचा क्रमांक आहे. तिच्यापासून सुरू होणारे कूळ, असे काही प्रथमच कागदावर आले, ते या यादीत. मळेवाल्याच्या हिशेबासाठी केलेल्या कागदाने नकळत केलेला हा न्याय आहे.

महाराष्ट्रात वंश जपण्याची साधने थोडी नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या आहेत, वतनाचे महजर आहेत, आणि विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी छापलेले कुलवृत्तांत आहेत. परंतु नामावळीत नाव येते ते तीर्थाला जाऊ शकणाऱ्याचे, महजरात वतनदाराचे आणि कुलवृत्तांतात बहुधा शिकल्यासवरल्या घराण्याचे. कोकणातून दुष्काळाने, कर्जाने किंवा भाऊबंदकीने उठलेला कुणबी यांपैकी कोठेच सापडत नाही. त्याचा कुलवृत्तांत जहाजाच्या यादीत आहे, आणि तो एका ओळीचा आहे. ती ओळ लिहिणाऱ्याला तो माणूस नव्हे, त्याचे श्रम हवे होते. पळून गेल्यास ओळखता यावा म्हणून उंची आणि खुणा टिपल्या. आज तीच खूण त्याच्या पणतवाला आपल्या माणसाच्या देहाचा एकमेव पुरावा म्हणून मिळते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. लेखकाचा हेतू आणि वाचकाला होणारा लाभ यांचा मेळ बसतोच असे नाही. पण म्हणूनच लिहिणारा कोण, कोणासाठी आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय यादी वाचू नये.

हा आता केवळ हौशी शोधाचा विषय उरलेला नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४मध्ये मॉरिशसमध्ये बोलताना, तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हा दर्जा मिळू शकेल, अशी विशेष तरतूद जाहीर केली. वंशाचा पुरावा असा सहा-सात पिढ्या मागे नेताना वाट शेवटी त्या जुन्या वह्यांपाशीच जाते. ज्या क्रमांकाने एका माणसाला देशाबाहेर नेले, त्याच क्रमांकाचा आधार घेऊन त्याचा वंशज देशाशी नाते सांगू पाहतो.

परंतु नाते दोन बाजूंचे असते. बेटावरच्या माणसाने आपल्या बाजूचा कागद शोधला आहे. अलीकडच्या बाजूचे काम अजून फारसे झालेले नाही. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील आणि सावंतवाडी संस्थानातील गावे, वाड्या आणि कोंड यांच्या नावांची, त्यांच्या बोलीतील उच्चारांसह, एक सूची हवी. महसुली मोडी कागद वाचणारे लोक विद्यापीठांनी तयार केले पाहिजेत. आणि गावोगावच्या वृद्धांना एक साधा प्रश्न विचारला पाहिजे : तुमच्या घराण्यात, आगबोटीने गेला आणि परत आलाच नाही, असे कोणाविषयी बोलले जाई काय? ज्या शाखेपुढे आपण ‘निर्वंश’ असे लिहून मोकळे झालो, तिचे वंशज समुद्रापलीकडे एका क्रमांकाच्या आधाराने आपल्या गावाचे नाव शुद्ध लिहिण्याचा प्रयत्न करीत असतील. ते नाव शुद्ध कसे आहे, हे सांगणे तरी आपल्या हातात आहे.