कर्जत–खालापूर

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याचे दोन लगतचे तालुके. समुद्रकिनारा नसलेल्या या कोकणपट्टीस महत्त्व आले ते घाटवाटांमुळे. राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जतवरून उत्तरेस कल्याणकडे वाहते, तर पाताळगंगा खोपोलीवरून पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे जाते. माथेरानला वर्षाकाठी सु. ५,००० मिमी. पाऊस पडतो, तथापि तो उतारावरून झपाट्याने वाहून जात असल्याने उन्हाळ्यात डोंगरवाड्यांत पाण्याची टंचाई भासते.

राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे लेणे हीनयान पंथाचे असून ख्रिस्तपूर्व काळातील आहे. तेथील ब्राह्मी लेखात कान्हाचा शिष्य बलक याचे नाव आढळते. फेब्रुवारी १६६१ मध्ये खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोगल फौजेची कोंडी करून तिला शरण आणले. महाड येथील वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक होय. खोपोलीचा तलाव नाना फडणीसांनी बांधविला.

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला. खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र पुढील पाच वर्षे प्रवाशांना पालखी, तट्टू अशा साधनांनीच ओलांडावा लागे. पंचवीस बोगद्यांचा घाटमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला. १८६१ च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते. पटकी व तापाने त्यांतील हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे येताच आजारी पडून वारला व त्याची पत्नी ॲलिस हिने काम तडीस नेले. त्या दोघांची नावे राहिली. मजुरांची राहिली नाहीत. नेरळ–माथेरान हा अरुंदमापी लोहमार्ग १९०७ मध्ये सुरू झाला.

भूगोलाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय म्हणजे येथील जलविद्युत् योजना. लोणावळ्याच्या माथ्यावरील पाणी स्वभावतः पूर्वेस भीमेच्या खोऱ्यात जाणारे. ते धरणांनी अडवून नळांतून पश्चिमेस खाली सोडले आणि १९१५ मध्ये टाटांचे खोपोली वीजगृह चालू झाले. आंध्रा नदीच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह उभे राहिले. वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. भिवपुरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर मात्र कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकू लागला. १९४२ च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईस वीज नेणारे मनोरेच पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले.

डोंगरउतारावर ठाकर व कातकरी यांची वस्ती आहे. राब भाजून नाचणी, वरई पिकविणे ही येथील जुनी रीत. खैरापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा परंपरागत धंदा. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. १८७८ च्या कायद्यानंतर वने राखीव झाल्याने हा आधार तुटत गेला आणि कोळसा पाडणे, वीटभट्टीची हंगामी मजुरी हेच त्यांच्या वाट्यास आले. खालापूर तालुक्यात इरशाळगडाच्या उतारावरील इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळून गाडली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न व्यक्ती बेपत्ताच राहिल्या. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने यंत्रसामग्री वर नेता आली नाही. याच डोंगराच्या पायथ्याशी मोरबे धरण असून त्याचे पाणी नवी मुंबईस पुरविले जाते.