गुन्ह्यांची नोंदवही चावडीवर

सरकारी कचेरीत कागद सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नोंद होणे निराळे आणि ती लोकांना दिसणे निराळे. बारनिशीत चढलेला कागद पुष्कळदा तिथेच निजतो. पोलिसांच्या नोंदी या झोपेतून कशा उठल्या, त्याची ही थोडक्यात हकीकत.

गुन्ह्यांचा नकाशा संगणकाच्या फार आधीचा. १८२९ साली फ्रान्समध्ये गेरी आणि बाल्बी या दोघांनी गुन्हे व शिक्षण यांचे नकाशे एकत्र छापले. अडाणी मुलखात गुन्हे जास्त, असा तेव्हाचा समज. नकाशात मात्र मालमत्तेचे गुन्हे शिकलेल्या उत्तर भागातच अधिक दिसले!

पण तो विद्वानांसाठी होता. २००५ च्या मे महिन्यात असा एक नकाशा रहिवाशांच्या हाती आला. एड्रियन होलोवाटी या तरुण पत्रकाराने शिकागो पोलिसांच्या संकेतस्थळावरच्या नोंदी उचलल्या, गूगलच्या नव्या कोऱ्या नकाशावर बसवल्या आणि ‘शिकागोक्राइम डॉट ऑर्ग’ सुरू केले. रस्ता, वॉर्ड, तारीख, गुन्ह्याचा प्रकार, हवे तसे शोधा. माहिती पोलिसांचीच, पण आता आपल्या गल्लीत काय घडले ते कुणालाही कळू लागले. १ फेब्रुवारी २०११ रोजी इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांनीच असा नकाशा उघडला, तेव्हा गर्दीने संकेतस्थळ कोलमडले. लोकांना केवढी भूक होती पाहा.

मात्र नकाशाही चुकतो. २००९ साली लॉस एंजेलिसच्या पोलीस नकाशात हजाराहून अधिक गुन्हे पोलीस मुख्यालयाच्या परिसरातच दिसत होते. ज्या पत्त्यांची जागा संगणकाला सापडेना, ते सगळे तो एकाच ठरावीक ठिकाणी टाकत होता. एका वर्तमानपत्राने हे उघडकीला आणले. नोंदवही उघडी होती म्हणूनच चूक सापडली, हे विसरू नये.

आता आपल्याकडे वळू. गोव्याने माहिती अधिकाराचा कायदा १९९७ साली केला, देशाच्या २००५ च्या कायद्याआधी. पुढे ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या पोलिसांना एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. लैंगिक अत्याचारासारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. आरोपीला आपल्यावर काय आळ आहे ते वेळेत कळावे, हा त्यामागचा मोठा हेतू, आणि तो योग्यच आहे.

पण मला फरक जाणवतो तो इथे. इंग्लंडचा नकाशा गल्ली दाखवतो, माणूस झाकतो. घटनेचे ठिकाणही जरा सरकवून मांडतात, म्हणजे पीडिताचे दार ओळखू येत नाही. आपला एफआयआर माणसाचे नाव सांगतो; गल्लीचे चित्र मात्र त्यातून उभे राहत नाही. आमच्या इवल्याशा गोव्यात नाव कळले की घर, वाडा, सोयरेधायरे सगळे कळले. एफआयआर म्हणजे केवळ तक्रार, निकाल नव्हे. पण खटला सुटला तरी वाड्यावरचे बोलणे सुटत नाही.

आपल्या वाड्यावर किती घरे फुटली, कुठल्या वळणावर किती अपघात झाले, हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. ते आकडे गावागणिक, नावांवाचून मांडता येतील. वहीत रकाने आहेतच. कुठला उघडायचा आणि कुठला झाकायचा, एवढेच ठरवायचे आहे.