वऱ्हाडच्या कापसाचा जलमार्ग : प्राणहिता, गोदावरी आणि स्कॉटलंडांतील क्लाइड

वऱ्हाडास समुद्र नाहीं, बंदर नाहीं, आणि जिच्यावर बारमाही नौका चालतील अशी नदीही नाहीं. तेव्हां या प्रांताच्या इतिहासांत जहाजांचा विचार कशास, असें पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु निजाम सरकार व इंग्रज यांच्यामध्यें १८५३ सालीं वऱ्हाडविषयीं जो तह झाला, त्याची पुनर्रचना करणारा डिसेंबर १८६० चा तह उघडून पहावा. त्यांत धाराशीव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले, पन्नास लक्षांचें कर्ज माफ झालें व वऱ्हाड इंग्रजांकडे राहिलें, एवढें आपल्या शालेय पुस्तकांत येतें. त्याच तहानें गोदावरीच्या डाव्या तीराचा सिरोंचा, भद्राचलम् वगैरे मुलूख इंग्रजांनीं मागून घेतला, आणि नदीवरील मालास जकात नसावी असेंही ठरविलें, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. अरण्यानें व्यापलेला, उत्पन्नानें दरिद्री असा हा मुलूख कोणास कशासाठीं हवा होता? याचें उत्तर कापूस व आगबोट या दोन शब्दांत आहे.

प्रथम जुन्या वाटा पाहूं. अमरावतीचा कापूस लमाणांच्या बैलांवर लादून उत्तरेस मिर्झापुरास जात असे. तेथें तो गंगेच्या नावांवर चढे व खालीं कलकत्त्यास उतरे. अमरावतीपासून मिर्झापूर सुमारें पांचशें मैल. १८४२ सालीं एकट्या एका व्यापाऱ्यानें एक लक्ष बैलांचा माल खुष्कीनें कलकत्त्याकडे रवाना केल्याचा उल्लेख सरकारी गॅझेटिअरांत आहे. हा आंकडा अतिशयोक्तीचा म्हणून सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं, कारण लमाणांचे तांडे त्या काळीं खरोखरच तेवढे मोठे असत. पश्चिमेकडील घाट उतरून मुंबईस कापूस नेण्याचा मोठा उपक्रम मात्र विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीनें १८२५-२६ च्या सुमारास केला. हीच ती पेढी, जिच्या नांवाचा पेस्तनशाही रुपया औरंगाबादेच्या टांकसाळींतून निघत असे. नाणकसंग्राहकांस तिची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. वाहतुकीचा पत्कर हुंडेकरी घेत. वाटेतील जकाती, चौक्या व भाडें हें सर्व एका ठरीव रकमेंत आपल्या अंगावर घेऊन माल ठिकाणीं पोंचविणें हा त्यांचा व्यवसाय.

अशा स्थितींत सर आर्थर कॉटन याची दृष्टि गोदावरीकडे वळली. त्याचें आडनांवच इंग्रजींत कापूस या अर्थाचें असावें हा एक योगायोग. धवलेश्वरम् येथील प्रसिद्ध धरण त्यानें १८४७ ते १८५२ च्या दरम्यान बांधविलें. त्यानंतर त्याचें म्हणणें असें पडलें कीं, वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून होणारी प्राणहिता आणि पुढें गोदावरी, असा हा नैसर्गिक राजमार्ग मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा कापूस थेट पूर्व समुद्रावर कोरंगी-काकीनाड्यास नेऊं शकेल, आणि पाण्यावरचें भाडें आगगाडीच्या भाड्याच्या अंशानें पडेल. त्याचा साहाय्यक हेग यानें नदीची पाहणी करून १८५६ सालीं मद्रास येथें आपला अहवाल छापविला. वाटेंत तीन ठिकाणीं खडकांच्या रांगा आडव्या पडलेल्या होत्या. पहिली दुम्मगुडेम येथें, भद्राचलम् च्या वरच्या अंगास. दुसरी इंचमपल्ली येथें, इंद्रावतीच्या संगमाखालीं. आणि तिसरी देवलमरी येथें, प्रत्यक्ष प्राणहितेवर. या प्रत्येक अडथळ्यास बाजूनें कालवा व पाणदरवाजे करून वळसा घालावयाचा, व मधल्या खोल पाण्यांत आगबोटी चालवावयाच्या, अशी योजना होती. अमेरिकेंतील यादवी १८६१ सालीं सुरू होऊन मँचेस्टरचा कापूस तुटला तेव्हां या योजनेस एकदम जोर आला. लँकेशायरचे गिरणीवाले व त्यांचे पार्लमेंटांतील मित्र यांनीं प्राणहितेचें नांव उच्चारावयास शिकावें असा तो काळ होता. मध्यप्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यानेंही या जलमार्गाविषयीं अहवाल लिहिला.

या लोकांच्या मनांत जें उदाहरण असावें असें आम्हांस वाटतें तें स्कॉटलंडांतील क्लाइड नदीचें. आजच्या वाचकांस क्लाइड म्हटली कीं मोठमोठ्या गोद्या आठवतात. १९१३ या एका सालीं त्या नदीच्या काठीं सुमारें साडेसात लक्ष टनांचीं जहाजें तयार झालीं. परंतु अठराव्या शतकाच्या मध्यांत हीच नदी ग्लासगोच्या खालीं इतकी उथळ होती कीं, ओहोटीच्या वेळीं कांहीं ठिकाणीं दोन फुटांहून अधिक पाणी मिळत नसे, आणि ग्लासगोच्या व्यापाऱ्यांना आपला माल कित्येक मैल खालीं उतरवून घ्यावा लागे. गोलबर्न नांवाच्या चेस्टर येथील स्थापत्यकारानें १७६८ सालीं एक साधा उपाय सुचविला : नदी रुंद आहे म्हणून उथळ आहे, तेव्हां दोन्ही कांठांपासून दगडी बांध आंत घालून तिला आंवळा, म्हणजे ती आपली वाळू आपणच खरडून नेईल. १७७० सालीं कायदा झाला, बांध पडले, आणि पांचसहा वर्षांत डंबक येथील उथळ जागीं सहा फुटांवर पाणी आलें. पुढें वाफेचीं गाळ काढणारीं यंत्रें आलीं. याच नदीवर १८१२ सालीं हेन्री बेल याची कॉमेट ही आगबोट ग्लासगो, ग्रीनॉक व हेलेन्सबर्ग यांच्यामध्यें उतारू नेऊं लागली. युरोपांत भाडें घेऊन नियमित चाललेली ही पहिली आगबोट. ग्लासगोच्या नागरिकांनीं आपली नदी अक्षरशः घडविली, आणि मग त्या नदीनें त्यांचें शहर घडविलें.

मग गोदावरीचें असें कां झालें नाहीं? क्लाइडच्या तळाशीं मुख्यतः वाळू व गाळ होता, प्राणहितेंत अखंड कातळ, हें उत्तर सहज सुचतें. तें खरें आहे, पण अपुरें. क्लाइडमध्येंही एल्डर्स्ली येथें १८५४ सालीं एक जहाज आपटलें तेव्हां पाण्याखालीं मोठा खडक असल्याचें उघडकीस आलें, व तो फोडण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. परंतु तो फोडला गेला. खरें कारण आम्हांस एका संस्कृत शब्दांत दिसतें. पाणिनीनें 'नाव्य' हा शब्द नावेनें तरून जाण्याजोगें या अर्थीं सिद्ध केला आहे. नाव्य नदी म्हणजे जिच्या पार जाण्यास नौका लागते ती; जिच्या प्रवाहाबरोबर दूरदेशीं जातां येतें ती असा अर्थ त्यांत असलाच पाहिजे असें नाहीं. आपल्या वर्धा व पैनगंगा या पहिल्या अर्थानें नाव्य आहेत, आणि त्याही केवळ चातुर्मासांत. श्रावण-भाद्रपदांत उतारावर डोणीवांचून गति नाहीं. माघ-फाल्गुनांत त्याच जागीं बैलगाडी चाकें न भिजवितां जाते. आणि कापूस? त्याची वेचणी कार्तिकांत सुरू होते, सरकी काढून रुई बाजारांत येते ती मार्गशीर्षापासून पुढें. म्हणजे नदीस पाणी तेव्हां कापूस नाहीं, आणि कापूस तेव्हां पाणी नाहीं. क्लाइडला दिवसांतून दोन वेळां समुद्र भरती देतो; प्राणहितेस वर्षांतून एकदां आकाश देतें. कालवे व पाणदरवाजे खडक चुकवितात, वैशाख चुकवीत नाहींत. वर मोठीं तळीं बांधून पाणी सांठवावें व उन्हाळ्यांत सोडावें असें कॉटनच्या बाजूनें म्हणतां येईल, व त्यांत तथ्यही आहे; परंतु तें काम तीन कालव्यांहून फारच मोठें होतें.

दुसरी गोष्ट आपल्या भूगोलाची. वऱ्हाडचें पाणी एकाच दिशेस जात नाहीं. अकोल्याकडील पूर्णा पश्चिमेस जाऊन तापीस मिळते. अमरावतीची पेढीही पूर्णेसच मिळते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील वर्धा तेवढी गोदावरीच्या कुळांतली. तेव्हां प्राणहितेचा जलमार्ग पूर्ण झाला असता तरी अकोला व खामगांव येथील कापूस त्या वाटेस वळला असता हें संभवनीय नाहीं. वऱ्हाडासाठीं म्हणून मांडलेल्या या योजनेंत निम्मे वऱ्हाड जलविभाजकाच्या पलीकडे होतें.

शेवट लवकर झाला. आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला, आणि युरोपास जाणाऱ्या मालास मुंबई हें दार पूर्व किनाऱ्याहून कितीतरी जवळचें झालें; या कारणाकडे कॉटनविषयीं लिहिणारे फारसे पहात नाहींत. १८७० सालीं खामगांवची आगगाडीची शाखा सुरू झाली, १८७१ सालीं बडनेऱ्याहून अमरावतीची. त्याच १८७१ सालीं गोदावरीवरील काम थांबविण्याचा हुकूम आला. त्या वेळचा भारतमंत्री ड्यूक ऑफ अर्गाईल हा होता, आणि त्याच्या घराण्याची रोझनीथ येथील जहागीर क्लाइडच्या मुखाशींच, कॉमेट जेथवर जात असे त्या हेलेन्सबर्गच्या समोर होती. भद्राचलम् व रेकपल्ली हे तालुके १८७४ सालीं मद्रास इलाख्यास देण्यांत आले. सर आर्थर कॉटन १८९९ पर्यंत जगला व आगगाडीपेक्षां कालवे बरे हें शेवटपर्यंत सांगत राहिला. पाटबंधाऱ्यांपुरतें त्याचें म्हणणें काळानें बऱ्याच अंशीं खरें ठरविलें. नौकानयनापुरतें, निदान आपल्या नद्यांविषयीं, तें खरें ठरलें नाहीं.

क्लाइड मात्र वऱ्हाडास दुसऱ्या वाटेनें भेटली. व्यापाऱ्यांच्या भाषेंत 'ऊमरा' हें ज्याचें नांव पडलें तो अमरावतीचा आंखूड धाग्याचा कापूस मुंबईच्या गोदीत ज्या आगबोटींत चढे, त्यांपैकीं पुष्कळ क्लाइडकांठीं बांधलेल्या असत. क्लॅन लाइनची पहिली बोट क्लॅन अल्पाइन १८७८ सालीं तेथेंच, लिंटहाउस येथें तयार झाली. त्या कंपनीचा आरंभींचा मार्ग लिव्हरपूल ते मुंबई हाच होता. १८९३ सालीं जपानी कंपनीच्या बोटी मुंबईस येऊं लागल्या, व हिंदुस्थानचा कापूस पूर्वेकडेही मोठ्या प्रमाणांत वळला. कोरंगीहून नव्हे, मुंबईहूनच.

येथें थोडें विषयांतर क्षम्य व्हावें. त्या दिवसांत मध्यप्रांत व वऱ्हाड यांचा कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक हा होता. नागपुराजवळ जुनापाणी येथील शिलावर्तुळें उकरून पाहणारा तोच. त्या शिळांवरील वाटीसारख्या खळग्यांचें साम्य त्यानें सर जेम्स सिंप्सन यानें वर्णिलेल्या स्कॉटलंडांतील खळग्यांशीं दाखविलें, व १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत तें प्रसिद्ध केलें. साम्यावरून त्यानें काढलेलीं अनुमानें आज कोणी मान्य करणार नाहीं. परंतु कापसाच्या हिशोबासाठीं फिरणारा अधिकारी पाषाणांच्या टिपा ठेवीत होता, यामुळेंच त्या शिळांची नोंद झाली, हें विसरूं नये.

आतां संग्राहकांस एक विनंती. रायबहादुर हिरालाल यांनीं १९२६ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडांतील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची छापली, तींत कारंज्याच्या जैन भांडारांतील ग्रंथ आले. यवतमाळच्या शारदाश्रमानें महानुभावांच्या पोथ्या जमविल्या. पोथ्यांस असे वाली मिळाले. परंतु अमरावती, अकोला, कारंजें व खामगांव येथील जुन्या अडत्यांच्या व सावकारांच्या वह्या मोडींत व महाजनींत असल्यामुळें वारसांस वाचतां येत नाहींत, आणि घर पाडतांना त्या वजनानें रद्दींत जातात. तहाचा कागद लंडनमध्यें व दिल्लींत सुरक्षित आहे; हुंडेकऱ्याचा करार दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहीं. आमचें वरील विवेचन सरकारी बाजूच्या साधनांवर उभें आहे. येथील व्यापाऱ्यांनीं या जलमार्गाकडे कसें पाहिलें, कोणी एक तरी गांठ त्या वाटेनें धाडिली काय, याचा निकाल या वह्याच देतील.

म्हणून १८२५ ते १८७१ या काळांतील कोणतीही कापसाची वही हातीं आली, तर तीन गोष्टी पाहून ठेवाव्या. माल कोणत्या वजनांत लिहिला आहे : मुंबईची कापसाची खंडी ७८४ रत्तलांची, तेव्हां खंडीचा हिशोब दिसला तर माल बहुधा पश्चिमेचा समजावा, आणि बंगाली मण दिसला तर उत्तरेचा. भाडें एकरकमी हुंड्याचें आहे कीं जकाती निराळ्या मांडल्या आहेत : १८६० नंतर पूर्वेच्या वाटेवर जकातीचा रकाना रिकामा असेल तर तो मोलाचा पुरावा होय. आणि हिंगणघाट, चांदा, सिरोंचा, राजमहेंद्री यांपैकीं कोणत्याही गांवच्या आडतीचें नांव. वही मोडकी असली, पानें सुटीं असलीं, तरी क्रम न बदलतां बांधून ठेवावीं. मिती बहुधा पहिल्या पानावरच असते, आणि उंदीर व वाळवी यांचा आरंभही तेथूनच होतो.

दुम्मगुडेमचा दगडी बांध अजून गोदावरींत उभा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्गांच्या कायद्यांत पैनगंगा-वर्धा व वैनगंगा-प्राणहिता हीं नांवें पुनः आलीं आहेत.